अठरा कोयत्यांचा चेअरमन

आष्टीच्या बाजारात अजूनही कुणी ना कुणी मला अडवतंच. "सचिव, तुमी सरहद्दीवर होता ना? सांगा की राव, लढाई कशी होती?" मी म्हणतो, उन्हाची होती. माणसाला हे उत्तर आवडत नाही. त्याला धूर पाहिजे असतो, धडाम धुडूम पाहिजे असतं. मग तो हळूच दुसरं विचारतो, "आन् ते सिरसाळ्याचे अप्पा? लई कडक माणूस होता म्हणं? एका बाईला दाराबाहेर ठेवलं म्हणं?"

इथं माझं डोकं फिरतं. ज्यानं त्यानं उठावं आणि अप्पांबद्दल बोलावं. बाबांनो, तिथं मी होतो. संस्थेचा सचिव होतो, प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, माझ्या हातचं आहे. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे बाजारात तोंड वाजवायला नको.

नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून आधी थोडं मागचं. आपल्याकडं एकामागून एक कोरडी वर्षं गेली. जनावरं गेली, मग माणसं गेली. बीड जिल्ह्यातली निम्मी गावं कुलूप लावून पुण्या-मुंबईकडं सरकली. आणि त्या रिकाम्या मुलखात, खाली गोदावरीच्या अंगाला, ते उतरले. वरून, आभाळातून. कुठून आले, कशाला आले, त्यांना काय म्हणायचं, हे मोठमोठ्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही त्यांना पत्रे म्हणायचो. दिसायचेच तसे. घरावरच्या पत्र्याएवढे, चपटे, चमकणारे, जमिनीपासून हातभर वर तरंगत यायचे. आवाज नाही, सावली नाही. उन्हावर जगायचे, त्यामुळं रात्री पडून असायचे आणि दिवस चढला की निघायचे. ज्याच्यावरून पत्रा गेला त्याच्यातलं पाणी जायचं. झाड असो, बैल असो, माणूस असो.

त्यांना बालाघाटाच्या डोंगरावर अडवायचं ठरलं. फौज पुरेना. मग सरकारनं काठावर वस्त्या बसवल्या आणि माणसं पुरवायचं काम आमच्यासारख्या संस्थांना दिलं. आमची मूळची ऊसतोड मजुरांची सहकारी संस्था. ऊसच राहिला नव्हता, तेव्हा तोडणार काय? लिंबागणेशच्या वरच्या अंगाला एक कोरडा तलाव होता. त्याच्या भिंतीवर आमची वस्ती बसली. पोरंबाळं आणि म्हातारी माणसं आष्टीच्या छावणीत, आणि धडधाकट जोडपी भिंतीवर.

आता या वस्तीचा चेअरमन कोण? संस्थेत दोन गट. दोन्ही गटांचे पुढारी जमीनदार, दोघंही जुने मुकादम, आणि एकमेकांचं तोंड बघत नव्हते. याला केलं तर तो उठून जाणार, त्याला केलं तर हा. सभा तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी कुणीतरी वैतागून म्हणालं, "मग अप्पाला करा की!" सगळे हसले. आणि हसता हसता हात वर झाले.

अप्पा म्हणजे सिरसाळ्याचे किराणा दुकानदार. लिंगायत घरातले. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सत्तरीला टेकलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. टोळ्या उसाला निघायच्या तेव्हा बाजरी अप्पांच्याच दुकानातून भरून जायच्या, त्यामुळं दर जोडप्याला ते नावानं ओळखायचे. कुणाच्या घरात किती खाणारी तोंडं, कुणाला तिखट सोसत नाही, कोण नवऱ्याला चोरून गूळ नेते, सगळं तोंडपाठ. बंदूक मात्र त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. दुकानात उंदीर झाले तरी सापळा शेजाऱ्याकडून लावून घ्यायचे.

पहिल्याच आठवड्यात फौजेचा एक तरणा कॅप्टन पाहणीला आला. त्यानं विचारलं, "चेअरमनसाहेब, आपल्याकडे माणसं किती?"

अप्पा म्हणाले, "अठरा कोयते."

"म्हणजे?"

"म्हंजी अठरा कोयते, साहेब."

कॅप्टननं माझ्याकडं पाहिलं. मी समजावलं, की आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधायची. हजेरी कोयत्याची लागते, माणसाची नाही. साहेब म्हणाला, "मग छत्तीस माणसं म्हणा ना!"

अप्पा नम्रपणे म्हणाले, "न्हाई साहेब. छत्तीस म्हणलं की त्यातलं एक कमी झालं तर पस्तीस ऱ्हातंय. आमच्यात एक गेलं की दोन जात्यात."

कॅप्टनला हे पटलं की नाही देव जाणे, पण फौजेनं दिलेलं हत्यार पाहिल्यावर सगळ्यांनाच पटलं. त्याला आम्ही नळी म्हणायचो. त्यातून काय निघायचं ते डोळ्यांना दिसत नसे, पण पत्र्यावर पडलं की पत्रा गपकन माघारी वळायचा. खोट एवढीच की नळी भयंकर तापायची. एकानं धरायची आणि दुसऱ्यानं तिच्यावर सारखं पाणी घालायचं. एकट्या माणसाच्या हातात नळी म्हणजे नुसतं लोखंड. अठरा नळ्या, अठरा कोयते. जणू आमच्याचसाठी बनवलेली.

आणि पाणी कुठलं? आठ दिवसांनी टँकर यायचा. तेच प्यायचं, तेच नळीला. वाटपासाठी अप्पांनी दुकानातलं पितळी मापटं आणलं होतं. व्यापारी धान्य मापताना एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. अप्पा पाणीही तसंच मापायचे. "लाभ... दोन... तीन..." आणि शेवटच्या मापानंतर प्रत्येकाच्या भांड्यात एक घोट वरचा. मी एकदा म्हणालो, "अप्पा, या वरच्या घोटाची नोंद कुठं करायची?" ते म्हणाले, "दुकानदारी आहे ती. नोंदवायची नसती."

तो वरचा घोट ते स्वतःच्या वाट्यातून घालायचे, हे मला फार उशिरा कळलं. स्वतःचं उरलेलं पाणी घेऊन ते जेवणाआधी बसायचे. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचे, उजव्या हातानं पळीभर पाणी त्यावर सोडायचे, आणि तेच तीर्थ म्हणून प्यायचे. एक थेंब मनगटावर ओघळला तर तोही टिपून घ्यायचे. समोर खाली पत्र्यांची रांग चमकत असली तरी यात घाई नाही.

पत्र्यांना ते गिऱ्हाईक म्हणायचे. सकाळी भिंतीवर उभं राहून कपाळावर हात धरायचे आणि सांगायचे, "सभासद, गिऱ्हाईक आलं बरं का!" सगळ्यांना सभासद म्हणायचे. नुसता शब्द नव्हता तो. कुठलीही गोष्ट सभेत मांडल्याशिवाय आणि हात वर झाल्याशिवाय त्यांनी कधी केली नाही. सहा नंबरची नळी चार हात डावीकडं घ्यायची, ठराव. भाकरी दोनदा थापायच्या की एकदा, ठराव. नळी बायकांनी धरायची आणि पाणी पुरुषांनी घालायचं, हाही ठरावच होता. पहिल्या महिन्यात अप्पांच्या ध्यानात आलं की पुरुष भीतीनं किंवा फुशारकीनं लवकर दाबतात, पाणी वाया जातं. बायका पत्रा जवळ येऊ देतात. विषय सभेत आला. पुरुष चिडले. एकजण म्हणाला, "आमी काय बांगड्या भरल्यात?" अप्पा म्हणाले, "भरू नका. हंडा धरा. हात वर करा कोण कोण तयार हाय." ठराव दोन मतांनी पास झाला. मतदान कोयत्याला एक असायचं, आणि बऱ्याच नवऱ्यांचा हात बायकोनंच कोपराला धरून वर केला होता.

मला मत नव्हतं. सचिव पगारी नोकर, सभासद नव्हे. मी लिहायचो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. अहो, दोन मतांनी झाला तरी सर्वानुमतेच लिहायचं, सगळ्या संस्थांत अशीच रीत. कटकट राहत नाही.

नऊ नंबरच्या नळीवर काशीबाई आणि भानुदास होते, आष्टीकडचे, माझ्याच भागातले. दिवसभर भांडायचे. "कावून इतकं पाणी वततोस बे?" ती त्याला नवरा असून बे म्हणायची, आणि तो म्हणायचा, "मग तूच वत आन् तूच धर, मी निजतो." पण नऊ नंबरच्या समोरून पत्रा कधी वर चढला नाही. अप्पा तिथं जाऊन उगाच उभे राहायचे, त्यांचं भांडण ऐकत. मी विचारलं तर म्हणाले, "घरात आवाज असला की बरं वाटतं, सचिव."

एका सकाळी भानुदास रिकामा हंडा भरायला म्हणून भिंतीच्या आतल्या बाजूला उतरला. पत्रा मागून, सांडव्याच्या अंगानं आला. कुणी पाहिलाच नाही. आम्ही गेलो तेव्हा भानुदास हंड्यावर हात ठेवून बसलेला होता. उचलला तर ओझंच नव्हतं. काशीबाई रडली नाही. त्याच्या हातातून हंडा सोडवायला तिला थोडा वेळ लागला, मग ती तो घेऊन परत नळीकडं गेली.

छावणीतून दुसरा कोयता आला, नऊ नंबर भरला, परत अठरा झाले. काशीबाई राहिली अर्धा कोयता. टोळीत अर्ध्या कोयत्याला काम नसतं, तो गावी जातो. ती जाईना. "तिथं जाऊन काय करू? लोकाच्या भाकरी मोडू? मला नळी धरता येती, अप्पा."

अप्पांनी विषय सभेपुढं ठेवला. म्हणाले, "आपले सचिव एकटेच हायेत. तब्येत धड हाय. ते पाणी घालत्याल, काशीबाई नळी धरंल. नळी एक फौजेकडनं मागून घेऊ. एकोणीस होत्याल."

सभेत एकदम गडबड झाली. लगीन नसताना बाई-माणसाचा कोयता कसा? उद्या लोकं काय म्हणतील? छावणीत पोरंसोरं आहेत तिची. सभासदांतले एक जुने मुकादम म्हणाले, "अप्पा, तुमी वाणी. तुमाला कोयत्याचं काय कळायचं?" अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो, मला चालेल एवढंच, तरी बरंच काही वेगळं झालं असतं. मी प्रोसिडिंगवर तारीख घातली नव्हती ती घालायला घेतली. सचिवाला मत नसतं.

ठरलं असं, की काशीबाईनं मोठ्या टाकीवरून सगळ्या नळ्यांना पाणी पोचवायचं. कोणत्याच कोयत्यात नाही. मी लिहिलं, सर्वानुमते.

आता दाराचं सांगतो. भर दुपारी पत्रे शेकड्यानं यायचे आणि त्या उन्हात नळ्या चालायच्या नाहीत. म्हणून बारा ते तीन सगळ्यांनी आत जायचं. तलावाच्या भिंतीच्या पोटात पाणी सोडायचा जुना बोगदा होता, त्याला फौजेनं लोखंडी दार बसवलेलं. दार लावलं की फटीतून ओला चिखल भरायचा. ओल्या चिखलातून पत्र्याला आतलं कळत नसे. एकदा लिंपलेलं दार तीनच्या आत उघडायचं नाही, हा फौजेचा नियम. पलीकडच्या डोंगरावरच्या एका वस्तीनं उघडलं होतं. तिथं नंतर कुणीच सापडलं नाही, नुसती भांडी.

रोज दाराशी अप्पा उभे राहायचे. जोडपं आत आलं की दोघांच्या पाठीला एकदम हात लावायचे. "लाभ... दोन... तीन..." अठरा झाले की दार. त्यांनी आष्टीच्या छावणीत म्हाताऱ्यांना शब्द दिला होता, की तुमचं एक माणूस मी बाहेर राहू देणार नाही. आणि रोज दार लावल्यावर ते एवढंच म्हणायचे, "झालं. सगळे घरात."

त्या दिवशी पत्रे लवकर आले. साडेअकराच वाजले होते. सगळीकडून माणसं पळत सुटली. अप्पा मोजत होते. पंधरा, सोळा. सतरा धापा टाकत आला. नऊ नंबरचं नवं जोडपं सगळ्यात शेवटी, बाईला उचलूनच आणलं नवऱ्यानं. "अठरा!" दार लागलं, आम्ही चिखल थापला. अप्पा म्हणाले, "झालं. सगळे घरात."

आणि दारावर थाप पडली.

"अप्पा, मी हाय."

काशीबाई. ती शेवटच्या नळीवर पाणी द्यायला गेली होती. तिथलं जोडपं पळालं, पण भरलेला हंडा तिथंच राहिला होता. तो टाकून तिला येववेना. हंडा डोक्यावर घेऊन चालत आली, पळाली असती तर सांडलं असतं. अर्धा कोयता कुणी मोजतच नव्हतं. तिचा नंबर नव्हता, जोडी नव्हती, नऊ नंबरचं जोडपं आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं नऊ नंबर आला.

अप्पांचा हात कडीवर गेला. मुकादम म्हणाले, "अप्पा, नियम हाय." मागून एक बाई ओरडली, "आवो उघडा की!" दुसरी म्हणाली, "माझी तीन लेकरं हायेत छावणीत." सगळे एकदम बोलायला लागले. बोगद्यात आवाज घुमत होता.

दाराला तळहाताएवढी खिडकी होती, जाड काचेची. अप्पांनी तिच्यातून पाहिलं. पत्रे भिंतीच्या त्या टोकाला होते. अजून अवकाश होता. त्या क्षणी त्यांनी नुसती कडी ओढली असती तर कुणी त्यांचा हात धरला नसता. कुणी धरणारच नव्हतं, मी शपथेवर सांगतो. पण जीव छत्तीस लोकांचे, आणि अप्पांनी लोकांचं काही कधी लोकांना विचारल्याशिवाय केलं नव्हतं. ते वळले. आवाज नेहमीसारखाच.

"सभासद, विषय एकच. काशीबाईसाठी दार उघडायचं. मान्य असंल त्यांनी हात वर करा."

एक हात वर झाला. मग दुसरा. एका नवऱ्यानं वर केला, बायकोनं खाली ओढला. एकीनं वर केला आणि नवऱ्याकडं बघत राहिली. अप्पा मोजत होते. अंधार होता, चष्मा धुळीनं भरलेला, त्यांनी जवळ जाऊन मोजले. "लाभ... दोन..." मी भिंतीला टेकून उभा होतो. सचिवाला मत नसतं.

सात. अकरा कोयत्यांचे हात खाली.

हात मोजायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात दार उघडून, तिला आत घेऊन, परत लिंपून झालं असतं. हा हिशोब मी नंतर पुष्कळदा घातला. अप्पांनीही घातला असणार.

अप्पा दाराशी गेले. खिडकीची काच सरकवली. नियमात खिडकीचं काही नव्हतं.

"काशीबाई."

"किती झाले, अप्पा?" तिनं बाहेरून सगळं ऐकलं होतं.

"सात."

"सात बी लई झाले," ती म्हणाली. मग म्हणाली, "अप्पा, चिखल वरून वाळायला लागलाय. तुमी गडबडीत पातळ थापलाय. वतू का?"

तिनं हंडा दारावर ओतला. खालच्या फटीतून पाणी आत आलं, आमच्या पायाला लागलं. गार होतं. त्या उन्हातनं आणलेलं पाणी गार कसं होतं, कुणास ठाऊक. मग रिकामा हंडा खाली ठेवल्याचा आवाज आला.

अप्पांनी उजवा हात खिडकीतून बाहेर घातला. खांद्यापर्यंत. "धर," म्हणाले.

बाहेर काय झालं ते आम्हाला दिसलं नाही. खिडकी अप्पांच्या हातानं भरली होती. ते दाराला गाल लावून उभे होते, डोळे उघडे. मधेच एकदा म्हणाले, "हाय, हाय मी." आम्ही सगळे तिथं बसलो. तीन वाजेपर्यंत कुणी कुणाकडं पाहिलं नाही. मला काय वाटत होतं असं विचाराल, तर काहीच नाही. पाय ओले झाले होते, ते वाळले, एवढं आठवतं. आजही ती गोष्ट सांगताना आत काही हलत नाही. हलायला पाहिजे हे कळतं, आणि त्याचीच लाज वाटते.

तीनला दार उघडलं. काशीबाई दाराला टेकून बसली होती. अप्पांचा हात तिच्या दोन्ही हातांत. तो हात कोपरापासून खाली वाळला होता, चामडं हाडाला चिकटलेलं. डॉक्टर म्हणाला, संवेदना गेली, आता हा नुसता लोंबेल, काढून टाकू. अप्पा म्हणाले, "राहू द्या, त्याचा त्रास काय हाय."

संध्याकाळी मी प्रोसिडिंग लिहिलं. विषय, सूचक, ठराव. आणि सवयीनं, देवाशपथ नुसत्या सवयीनं, लिहून गेलो: सर्वानुमते नामंजूर. अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी डाव्या हातानं कागद जवळ ओढला. म्हणाले, "सही कशानं करू?" मी म्हणालो, डाव्या हाताचा अंगठा चालेल. त्यांनी अंगठा दिला नाही. पान तसंच राहिलं.

त्या दिवसापासून दाराशी ते कोयते मोजेनासे झाले. एकेका माणसाच्या खांद्याला डावा हात लावून नाव घ्यायचे. मलाही. "सचिव," म्हणायचे, आणि मगच पुढचं नाव. दार लावल्यावर "सगळे घरात" मात्र पुन्हा कधी म्हणाले नाहीत. जेवणाआधी लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसायचे आणि थांबायचे. पाणी सोडायला हात नव्हता. मग बायकांनी पाळी लावून घेतली, रोज एकीनं पळी सोडायची. हात खाली ठेवलेल्या अकरा जणीही त्यात होत्या. त्यांना अप्पा कधी एका शब्दानं टाकून बोलले नाहीत. त्या बायका पळी सोडताना त्यांच्याकडं बघायच्या नाहीत.

वर्ष-दीड वर्ष वस्ती टिकली. आणखी कुणी गेलं नाही. मग एक दिवस पत्रे आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. गेले. जसे आले तसेच, कुणाला न सांगता. फौजेनं विजय जाहीर केला. आम्ही भांडी बांधली.

अप्पांना मी शेवटचं पाहिलं ते संस्था गुंडाळायच्या सभेत. बीडला, एका मंगल कार्यालयात. सहकार खात्याचा साहेब आला होता, घाईत होता. दोन्ही गटांचे पुढारी पुढं बसले होते, फेटे बांधून. अठरा कोयते सतरंजीवर. अप्पा चेअरमन म्हणून खुर्चीवर. खूप वाळले होते.

साहेबानं विचारलं, सगळी इतिवृत्तं कायम आहेत ना? मी म्हणालो, एक पान सहीचं राहिलंय. त्यानं ते वाचायला सांगितलं. मी वाचलं. विषय, काशीबाईसाठी दार उघडणे. ठराव सर्वानुमते नामंजूर.



अप्पा म्हणाले, "सर्वानुमते न्हवतं, साहेब. सात हात वर होते. ती ऐकत होती. तिला मी सात सांगितल्यात."

साहेब म्हणाला, "बरं, सात लिहा. नामंजूर तर झालाच ना? निकालात फरक पडत नाही."

"आन् माझं राहिलंय."

"काय राहिलंय?"

"मत. त्या दिवशी मी मोजत होतो. माझं द्यायचं राहिलं."

साहेबानं समजुतीनं सांगितलं, की अध्यक्षाला समसमान मतं पडली तरच मत असतं, आणि झालेल्या सभेत आता मत देता येत नाही, कायद्यात तशी तरतूद नाही. अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली. मग डाव्या हातानं आपला उजवा हात मांडीवरून उचलला, कोपराखाली धरून, आणि डोक्याच्या वर नेला. तो वाळका पंजा वर हलत होता. खाली बसलेल्यांपैकी कुणाचा हात वर आला नाही. माझाही नाही.

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मी पेन उघडलं आणि लिहिलं, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. साहेब म्हणाला, "पुढचा विषय." पुढचे विषय झाले. आभार झाले. फेटेवाल्यांचे फोटो झाले. चहा आला. पोऱ्यानं अप्पांच्या पुढ्यात कप धरला, त्यांना घेता येईना, एक हात वर होता आणि दुसऱ्यानं तो धरलेला होता. त्यानं कप टेबलावर ठेवला आणि पुढं गेला. माणसं उठून गाड्यांकडं चालली होती. मी प्रोसिडिंग बगलेत घेतलं आणि दारातून एकदा वळून पाहिलं. चहावर साय धरली होती, आणि अप्पांनी हात अजून खाली घेतला नव्हता.